रिफंड एजंटने काढला, नोटीस तुमच्या नावाने आली

दर वर्षी प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याचा हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलासमोर बसलेले कोणीतरी हमखास विचारते, “आमच्या कंपनीत येणारा एजंट सगळ्यांना चाळीस-पन्नास हजारांचा रिफंड काढून देतो, मग तुमच्याच हिशेबात एवढासा कसा येतो, साहेब?” कर सल्लागार म्हणून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि आता तो कानावर पडला की माझे डोके उठते. विचारणाऱ्याचा राग येत नाही असे मी म्हणणार नाही, थोडा येतोच. पण खरा संताप येतो तो हा प्रश्न लोकांच्या डोक्यात पेरून, त्यांच्याच नावावर खोटे लिहून आणि आपला टक्का खिशात घालून पसार होणाऱ्या त्या माणसाचा.

रिफंड म्हणजे तुमच्याकडून जास्त कापला गेलेला कर परत मिळणे, याहून त्यात काहीही नाही. मालकाने वर्षभरात टीडीएस म्हणून जेवढा कर कापला तेवढाच कर तुमच्या उत्पन्नावर लागत असेल, तर रिफंड शून्य येतो आणि जगातला कोणताही हुशार माणूस त्याचे चाळीस हजार करू शकत नाही. करायचेच असेल तर विवरणपत्रात खोटे लिहावे लागते. म्हणूनच हे एजंट वजावटींसाठी जुनी करप्रणाली निवडतात आणि मग रकाने भरत सुटतात: स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडेकरू बनवून घरभाडे भत्त्याची सूट, कधीही न घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०ई खाली, ज्याचे नावही कधी ऐकले नाही अशा राजकीय पक्षाला दिलेली देणगी कलम ८०जीजीसी खाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती कलम ८०डीडीबीच्या गैरवापराची. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे अशा ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारांवर खर्च करणाऱ्या कुटुंबाला थोडा आधार मिळावा म्हणून ही वजावट आहे, आणि तिची मर्यादा ४०,००० रुपये, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १,००,००० रुपये आहे. घरात सगळी माणसे धडधाकट असताना एजंट बेलाशक हा रकाना भरतो, आणि ज्याच्या आईवडिलांना त्याने कागदावर आजारी पाडले त्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. दुसरीकडे ज्यांच्या घरी खरोखर उपचार चालू असतात, त्यांच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिले जाण्याची वेळ येते. एका माणसाच्या टक्केवारीसाठी खऱ्या रुग्णांची सवलत बदनाम व्हावी, हे मला सहन होत नाही.

लोक मला सांगतात, “पण साहेब, पैसे खात्यात आले की! खोटे असते तर सरकारने दिलेच नसते.” हा गैरसमज या धंद्याचा खरा पाया आहे. विवरणपत्रावर सुरुवातीला होणारी प्रक्रिया संगणक करतो, बेरीज-वजाबाकी आणि टीडीएसची जुळणी तपासतो आणि रक्कम खात्यात सोडतो. त्या वेळी तुमच्या पावत्या कोणीही पाहिलेल्या नसतात. त्यानंतरही काही वर्षे प्राप्तिकर खात्याला प्रकरण पुन्हा उघडता येते, आणि तोवर त्या पैशातून घेतलेल्या गाडीचे हप्तेसुद्धा फिटत आलेले असतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी जाहीर केल्याप्रमाणे प्राप्तिकर खात्याने देशभरात अशा मध्यस्थांच्या सुमारे १५० ठिकाणांवर कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. एवढी माणसे अट्टल करचुकवी नसणार. त्यांतली कितीतरी पगारावर जगणारी, एजंटवर विश्वास टाकून बसलेली माणसे असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच निवेदनातली दुसरी गोष्ट वाचून तर मी खुर्चीतून उठलो. हे मध्यस्थ ढिगाने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करतात आणि काम झाले की ते टाकून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा कोणी उघडूनही पाहत नाही. म्हणजे नोटीस तुमच्या नावाने निघते, ती एका बेवारस पत्त्यावर जाते, उत्तराची मुदत टळून जाते, आणि तुम्हाला त्या प्रकरणाची पहिली खबर वसुलीच्या मागणीतूनच लागते.

आता हिशेब पाहा. वर्षाला नऊ लाख करपात्र उत्पन्न असलेल्या माणसाच्या नावावर एजंटने दोन लाखांची खोटी वजावट दाखवली, तर जुन्या प्रणालीतील वीस टक्क्यांच्या दराने, उपकर बाजूला ठेवून, चाळीस हजारांचा रिफंड निघतो. एजंटने त्यातले वीस टक्के घेतले असे धरले, तर तो आठ हजार घेऊन मोकळा होतो. पकडले गेल्यावर मात्र तुम्ही मूळ चाळीस हजार परत करायचे, १९६१ च्या कायद्यातील कलम २७०अ प्रमाणे चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्के, म्हणजे ऐंशी हजार, दंड भरायचा, वर व्याज वेगळे. हातात बत्तीस हजार आले आणि हातातून एक लाख वीस हजारांच्या वर गेले. एजंटचे आठ हजार कोणीही परत मागत नाही, कारण विवरणपत्रावर त्याची सही नाही. तुमच्या मोबाइलवर आलेला आधारचा ओटीपी तुम्ही त्याला फोनवर सांगितलात, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक रकान्याखाली तुमची सही झाली. “मला माहीत नव्हते” हे उत्तर घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या उत्तराने दंड टळेल असे त्यांना सांगण्याची माझी हिंमत होत नाही.

आणि हाच माणूस, किंवा याचाच भाऊबंद, आता कर्जमुक्तीही विकू लागला आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जनतेला सावध केले होते की काही संस्था वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून कर्जमाफीच्या फसव्या जाहिराती करत आहेत, सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेऊन कोणताही अधिकार नसताना कर्जमाफीची प्रमाणपत्रे देत आहेत आणि बँकांचे पैसे फेडण्याची गरज नाही असे लोकांना सांगत आहेत. आपल्याकडे या थापेला बळ मिळते, कारण २०१७ ची आणि २०१९ ची शेतकरी कर्जमाफी लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. पण त्या योजना राज्य सरकारच्या निर्णयाने आल्या आणि पैसे सरकारने भरले; कोणा खासगी संस्थेने शिक्का मारून कोणाचे कर्ज पुसले नव्हते. असल्या प्रमाणपत्राच्या भरवशावर ज्याने घरकर्जाचा हप्ता थांबवला, त्याचे खाते हप्ता नव्वद दिवस थकल्यावर अनुत्पादक (एनपीए) ठरते, त्यानंतर बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि ती मुदत संपली की बँक घराचा ताबा घ्यायला निघते. तेव्हा ते प्रमाणपत्र दाखवून बँकेचा अधिकारी मागे फिरत नाही. ज्या हजारो रुपयांतून दोन-तीन हप्ते भरले गेले असते, ते शुल्क म्हणून आधीच गेलेले असतात. बँकेकडे स्वतः जाऊन एकरकमी तडजोडीचा अर्ज करायला मध्यस्थ लागत नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे एक पैसाही न देता जाता येते. पण हे फुकटचे मार्ग लोकांना सांगितले, तर या धंदेवाल्यांकडे कोण जाईल?

ज्यांच्या विवरणपत्रात असे काही भरले गेले आहे, त्यांनी आजच प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर आपला ई-मेल आणि मोबाइल तपासावा, पासवर्ड बदलावा आणि भरलेला प्रत्येक रकाना उघडून वाचावा. तपासाची कार्यवाही सुरू होण्याआधी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आधीची चूक दुरुस्त करणारे विवरणपत्र, भरले तर करावर आणि व्याजावर पंचवीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत जादा रक्कम द्यावी लागते. जेवढा उशीर तेवढी ती वाढत जाते, तरी दोनशे टक्क्यांच्या दंडापुढे ती कमीच आहे.

प्राप्तिकर खात्यावरही माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. एकाच ठिकाणाहून, एकाच साच्यातल्या वजावटी घेऊन, नव्याने उघडलेल्या ई-मेल पत्त्यांवरून शेकडो विवरणपत्रे येत आहेत, हे वर्षे उलटल्यावर छापे घालून कळण्याची गरज का पडावी? रक्कम खात्यात सोडण्यापूर्वी अशी विवरणपत्रे बाजूला काढा आणि थेट करदात्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर मराठीत कळवा की तुमच्या नावाने एवढ्या देणगीचा आणि या आजाराचा दावा केला गेला आहे, तो तुम्हीच केला आहे का.