इंजिन आम्ही बदललेलं नाही: 1929 च्या शेवरलेट टूररबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. गाडी द्यायला उशीर झाला, मधल्या काळात तुमचे फोन उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. ती तक्रार रास्त आहे. पण "ओरिजिनल इंजिन काढून घेतलं आणि ट्रकचं जुनं इंजिन गळ्यात मारलं" असं जे तुम्ही एक स्टार देऊन चारचौघांत लिहिलंय, ते वाचल्यावर आमच्याकडच्या एकाही माणसाला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांच्या काळापासून आमचं जुन्या गाड्यांचं काम चालतं. गिऱ्हाइकाचा गंजका नटबोल्टसुद्धा पिशवीत घालून, चिठ्ठी लावून परत देणारी माणसं आहोत आम्ही. म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय.

वाचणाऱ्यांना प्रकरण कळावं म्हणून सांगतो. गाडी 1929 ची शेवरलेट इंटरनॅशनल, उघडी टूरर. वर घडीचा टप, दारांना काचा नाहीत, पाऊस आला की बटणांनी लावायचे पडदे. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. पेट्यांतून आलेले भाग तिथं जोडून गाड्या बाहेर पडायच्या, त्यातलीच ही. आदल्या वर्षापर्यंत या गाड्यांना चार सिलिंडरचं इंजिन होतं. 1929 ला सहा सिलिंडरचं आलं, 194 घन इंचांचं, 46 हॉर्सपॉवरचं. चारच्या किमतीत सहा, अशीच त्याची जाहिरात व्हायची.

तुमची गाडी आमच्या दारात टेम्पोतून उतरली तेव्हाही तिच्यात हे 194 चं इंजिन नव्हतं. होतं ते 216 चं, आणि आजही तेच आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हींचा सारखाच, पावणेचार इंच. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, मात्र 194 चा तीन पूर्णांक पाच सोळांश इंच आणि 216 चा साडेतीन. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याला, 194 मध्ये तीन मेन बेअरिंग, 216 मध्ये चार. ऑइलचा चेंबर उतरवला की दहा वर्षांचं पोरसुद्धा मोजून सांगेल. चेंबर उतरवला त्याच संध्याकाळी चारही बेअरिंगचे फोटो तुम्हाला पाठवले होते. त्यावर तुमचं उत्तर आलं, "चालेल, गाडी पळाली पाहिजे." तो मेसेज आमच्याकडे आहे, पण इथं टाकत नाही. गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं असं उघड्यावर मांडणं आम्हाला बरं वाटत नाही.

ब्लॉकवर ओतकामाच्या वेळी उठवलेली तारीख असते. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं पुढे. मग दिवस, आणि शेवटी सालातला फक्त शेवटचा आकडा. तुमच्या ब्लॉकवर डी-17-3 आहे. म्हणजे 17 एप्रिल, आणि साल तीनवर संपणारं. 216 चं इंजिन निघालंच 1937 साली, त्यामुळे 1933 असू शकत नाही, आणि खाली सांगतो त्या 1951 च्या नोंदीमुळे 1953 ही नाही. 1943 च. लढाईच्या ऐन मध्यात ओतलेला ब्लॉक 1929 च्या गाडीत कसा आला, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचं उत्तर तुमच्याच फाइलमध्ये निघालं.

तुम्ही दिलेलं जुनं रजिस्ट्रेशनचं पुस्तक आठवत असेल, पाठीला खाकी कापड चिकटवलेलं. त्यात पहिला इंजिन नंबर लाल शाईनं खोडलाय, खाली दुसरा लिहिलाय, शेजारी सही आणि 1951 साल. तो दुसरा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आम्ही भिंग लावून ताडून पाहिले. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. म्हणजे इंजिन बदललं गेलं ते 1951 मध्ये. तेव्हा आमचं वर्कशॉप नव्हतंच, माझे वडीलही शाळेत होते.

बदललं कुणी, तेही गाडीनंच सांगितलं. पहिले मालक शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, दुसरे एक डॉक्टर. तिसऱ्याच्या नावापुढे नुसतं "सिनेमा" लिहिलंय. डावीकडच्या मागच्या दाराचे रंगाचे थर आमचा पोरगा हातानं, पाण्याच्या पॉलिश पेपरनं उतरवत होता. हिरव्याखाली करडा, करड्याखाली पिवळा, आणि पिवळ्यावर पेंटरच्या हातची "टूरिंग टॉकीज" ही अक्षरं. मागच्या सीटच्या पाठीमागं पत्र्याला चार भोकं होती, ती कर्ण्याच्या स्टँडची. यात्रेच्या गावांतून तंबूचा सिनेमा न्यायचा, गावोगाव कर्ण्यावरून पुकारा करायचा, जनरेटर ओढायचा, हे काम जुन्या 194 ला झेपलं नसणार. लढाई संपल्यावर कॅनडात बनलेले शेवरलेटचे लष्करी ट्रक डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या नको झालेल्या मालाच्या विक्रीत, निघाले. त्यांत हेच 216 चं इंजिन असायचं, आणि त्या काळच्या मेस्त्रींनी ते कितीतरी जुन्या शेवरलेटना बसवलं. पुढची माउंटिंग पट्टी हातानं घडवलेली आहे, वेल्डिंग त्या काळचंच. काम झकास केलंय त्या मेस्त्रीनं, हे आम्ही तुम्हाला तेव्हाही म्हणालो होतो.

पुण्यातल्या रॅलीत तुमचे मित्र म्हणाले की ऑइल प्रेशरचा काटा पंधराच्या वर जात नाही, म्हणजे इंजिन मेलेलं आहे. साहेब, या इंजिनाचा काटा तेवढाच चढतो. रस्त्यावर चालताना चौदाच्या आसपास असतो. आजच्या गाड्यांसारखं यात रॉडच्या, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला पंपाचं प्रेशर जात नाही. खाली तेलाच्या पन्हळी आहेत, रॉडच्या टोकाला पळी आहे, ती फिरताना तेल उचलून घेते. मित्रांना आमच्यातर्फे जरूर सांगा.

आणि मेलेलं कसं असेल? त्याच बेअरिंगांसाठी तर महिने गेले. ही बेअरिंग दुकानातून आणून बसवायची नसतात. रॉड तापवायचा, आतून कल्हई करायची, मग वितळलेला व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, एका दमात ओतायचा. मध्ये हात थांबला की थर धरत नाही. निवल्यावर बोअर करायचं, क्रँकला निळा रंग लावून रॉड फिरवायचा, जिथं निळं उठेल तेवढंच स्क्रॅपरनं खरवडायचं, परत निळा लावायचा. हे जमणारे आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. मध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या कुणाकडून उरकून घ्यायला आमचं मन धजलं नाही.

बिल वाढलं ते सांगाड्यामुळं. या गाडीत पत्र्याच्या आत लाकूड आहे, आणि खालच्या पट्ट्या वाळवीनं भुसा केल्या होत्या. पत्रा उघडल्याशिवाय ते दिसत नाही. सागवानात नवीन केल्या, भाव तुम्हाला आधी कळवून.

आता जे लिहायचं नव्हतं ते. गाडीच्या इतिहासाच्या कागदावर "कोल्हापूर संस्थानची गाडी" असं लिहून द्या, असा तुमचा आग्रह होता. कारण पुस्तकावर दरबारचा शिक्का आहे. साहेब, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. त्याआधी कोल्हापुरात नोंदलेल्या गाडीच्या कागदावर दरबारचाच शिक्का येणार, मग ती गुळाच्या व्यापाऱ्याची का असेना. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक गाडी निघते तेव्हा आम्हीही गर्दीत टाचा उंचावून बघतो. पण म्हणून शाहूपुरीतल्या गाडीला राजवाडा चिकटवता येत नाही. तंबूच्या सिनेमाची गाडी म्हणवून घ्यायला कमीपणा कसला? उलट त्या दारावरची अक्षरं राहू द्या म्हणून आम्हीच तुम्हाला विनवलं होतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून त्यांवर क्रीम रंग चढला.

मग रॅलीनंतर ब्लॉकवर जुना नंबर पंच करून द्या म्हणालात. नाही म्हटलं. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी आम्ही केला नसता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी हा अभिप्राय आला. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो आणि त्यात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे, ही तुमची काळजी आम्हाला कळते. पण आरटीओपुढं 1951 ची नोंद आहे तशीच ठेवा. ती सत्तर वर्षांपूर्वी सरकारी माणसानं केलेली नोंद आहे. लपवाल तर संशय येईल.

यापुढे गिऱ्हाइकांना कामाची खबर वेळच्या वेळी जावी अशी व्यवस्था करतो आहोत. फोनसाठीही कुणीतरी नेमायचं चाललंय.

तुम्ही कुठून 194 चं इंजिन मिळवलंत, तर ते उभं करून बसवून देऊ, मजुरीचं बसून ठरवू. आम्हीही ओळखीच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय. तुमच्या गाडीची जुनी लाकडं, टपाचे मोडके दांडे, पडद्यांची पितळी बटणं पेटीत भरून ठेवली आहेत, केव्हाही न्या. उशिराबद्दल, फोनबद्दल जे लिहिलंय ते राहू द्या, एक स्टारही राहू द्या. इंजिन काढून घेतलं हे तेवढं वाक्य मात्र काढा, साहेब. आमच्याकडे गाडी सोडून जाणारा माणूस किल्ली हातात देऊन जातो, आणि हे वाचल्यावर पुढचा माणूस ती देणार नाही.