‘गोठ्यातला ॲम्प’ म्हणणाऱ्यांना

आज सकाळी आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. हातानं व्हॉल्व्ह ॲम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर, बनवणाऱ्या कुणाचं तरी वर्कशॉप. भिंतीला ओल, लोंबणाऱ्या वायरी, टेबलाखाली खोकी. खाली लगेच सुरू, "असल्या गोठ्यातला ॲम्प कोण घेणार?" आणि हसण्याचे इमोजी. डोकं फिरलंय माझं.

माझ्या घरातला ॲम्प कोल्हापुरात उद्यमनगरातल्या असल्याच खोलीत तयार झालाय. शेजारी लेथ, समोर चहाची टपरी, मध्ये दहा बाय बाराची खोली. आण्णा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी नववीत होतो. ॲम्प बनवणारे काका आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळत होते. केसासारखी तांब्याची तार दोन बोटांत, एक थर झाला की कागद, त्यावर पुढचा थर. मोजताना बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. त्या दिवशी मध्येच लाइट गेली. आली तेव्हा त्यांना आकड्याचा संशय आला. पाच-दहा टर्नचा प्रश्न. आण्णा म्हणाले, "राहू दे की, कुणाला कळतंय?" काका म्हणाले, "मला कळतंय न्हवं." आणि सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात.

व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहम लागतात आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. दोघांचं जुळवून देतो तो हा ट्रान्सफॉर्मर. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह जोडीनं काम करतात तिथं, त्याचे दोन्ही अर्धे सारखे हवेत. प्रायमरी (व्हॉल्व्हकडची तार) आणि सेकंडरी (स्पीकरकडची तार) यांचे थर आलटून-पालटून घातले नाहीत तर वरचे सूर मरतात, तंबोऱ्याची जवारीच ऐकू येत नाही. यातलं काय टाइल्सवर अवलंबून आहे, सांगा ना!

चकाचक कारखान्यातलाही घेऊन बघितलाय मी. कंपनीचं नाव घेत नाही. ब्रोशरमध्ये पांढरे कोट, हातमोजे, आरशासारखी फरशी. चौदाव्या महिन्यात एक बाजू मुकी झाली. उघडला तर ट्रान्सफॉर्मरच्या पायाला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, भोवती बारीक गोल चीर. नीट कुणी केला? काकांनीच. वर लाकडी पेन्सिलीनं एकेक जोड टकटक करून बघितला, न सांगता.

मिरजेत सतार करणाऱ्यांकडे जाऊन या. छताला भोपळे टांगलेले, पायाला भुसा लागतो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच मिळालंय, आणि २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. ती काय फरशी बघायला आली होती?

हो, स्पीकर करताना धूळ चालत नाही, व्हॉइस कॉइलच्या (आत हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत लोखंडाचा चुरा गेला की घासतं. मॉसफेट हा ट्रान्झिस्टर अंगातल्या स्थिर विजेनंही जातो. मान्य. पण त्याला टेबलावरची हातभर जागा स्वच्छ लागते. काकांची असायची. रोज सकाळी आधी ती पुसायचे, मग उदबत्ती.

आता हे लिहिताना ती खोली डोळ्यांसमोर आली, आणि खिडकीही. एकच होती, तीही खोक्यांनी अडलेली. सोल्डर लावताना राळेचा धूर सरळ काकांच्या नाकाकडे जायचा. त्या धुरानं दमा होतो, हे मला फार उशिरा कळलं. खोकायचे, तार खाली ठेवायचे, खोकला थांबला की परत उचलायचे. आम्ही कौतुक करत बसायचो. खिडकी मोकळी करूया, असं मीही कधी म्हणालो नाही.

सकाळचा फोटो परत उघडून बघितला. तिथंही पंखा दिसत नाही. गोठा म्हणणाऱ्या एकालाही तो माणूस दिवसभर काय हुंगतो, हे विचारावंसं वाटलं नाही.

काका आता काम करत नाहीत, जिना चढला की दम लागतो. परवा भेटलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "वाजतोय न्हवं?"

फोटो टाकणाऱ्याकडे त्या वर्कशॉपचा पत्ता मागितलाय. एक्झॉस्ट फॅनचे पैसे मी घालतो. बसवायला कोण येणार, ते खाली लिहा.