‘फक्त हिशोब कळतो’ म्हणणाऱ्या वाचकांना

सलाम.

तुमची कमेंट काल रात्री दोनदा वाचली आणि नंतर नीट झोप लागली नाही, म्हणून खाली दोन ओळीत उत्तर न देता इथं सविस्तर लिहितोय. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्ष संपताना मी एक वही घेऊन बसतो, बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातली आत्म्याची नऊ फळं, प्रीती, आनंद, शांती इथपासून इंद्रियदमनापर्यंत, एकेका पानावर लिहितो आणि वर्षभरात कुठं वाढलो, कुठं खुंटलो ते बघतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर कमेंट करणाऱ्या यांचं म्हणणं असं की तारण कृपेनं, म्हणजे देवाच्या फुकट माफीनं आहे, मोजमाप करून कोणी वाढत नाही, ३१ डिसेंबर बायबलमध्ये कुठं नाही, ती पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तर मागचं विसरा म्हणतो, आणि शेवटी हे वाक्य: ‘तुमच्यासारख्या जुन्या मिशनच्या घरातल्यांना कृपा कधी कळतच नाही, फक्त हिशोब कळतो.’

आधी माझी चूक मान्य करतो. मी स्तोत्र ९१:१२ लिहिलं होतं, ते ९०:१२ पाहिजे. तुम्ही दाखवलंत, आभारी आहे, दुरुस्त केलंय. पण त्या वचनात मोशे मागतोय काय? आमचे दिवस गणायला शिकव. गणायला!

आता ते वाक्य. मुद्दा मांडा ओ, कोण नको म्हणतंय, पण ‘तुमच्यासारख्या’ म्हणजे कुणासारख्या? तुम्ही कधी आमच्या घरी आलाय का, आमच्या घरचा चहा प्यालाय का? जुनं मिशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं बंगला येतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले हे खरं, त्यांच्या नावाचं चर्च आहे, माझा बाप्तिस्मा तिथंच झाला, पण तिथं बाकावर बसणाऱ्या सगळ्यांच्या घरी काय सुबत्ता नव्हती. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात चादरी धुवायची. वडील मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, आणि खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावरचं देणंघेणं, लिहायचं काम, पगार महिन्याला सहाशे.

१९८७ ला आईचं ऑपरेशन निघालं. वडिलांनी शेठकडून उचल घेतली, थोडी थोडी करत ती ११,४०० वर गेली, आणि ती रक्कम वडील स्वतःच्याच हातानं स्वतःच्याच नावावर खतावणीत चढवत होते, दर आठवड्याला. घरात त्यावर कोण काही बोलायचं नाही. गुळाचा सीझन संपत आला तेव्हा एका संध्याकाळी शेठनी वही मागून घेतली, वडिलांचं पान काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. काही बोलले नाहीत, वही परत दिली. ते आमच्या धर्माचे नव्हते हेही सांगून ठेवतो. वडील घरी येऊन चुलीपाशी बसून रडले, मी तेव्हा नववीत होतो, बापाला रडताना पहिल्यांदा बघितलं. तो आकडा त्यांना मरेपर्यंत पाठ होता. त्या वर्षापासून ३१ डिसेंबरला वॉच नाईटच्या, म्हणजे वर्ष बदलतानाच्या रात्रीच्या उपासनेला निघायच्या आधी ते एक पान लिहायला लागले. आपण देवाचं काय देणं लागतो ते. पान लिहून झालं की त्यावर आडवी रेघ मारायचे आणि चर्चला जायचे.

मला सांगा, त्या माणसाला कृपा कळली नव्हती? लूकच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात प्रभू येशू दोन कर्जदार सांगतो, एकाला पाचशे दीनार, दुसऱ्याला पन्नास, दोघांनाही माफ, आणि जास्त प्रीती कुणाची, तर ज्याला जास्त सोडलं त्याची. आता पाचशे की पन्नास हे ज्यानं कधी मोजलंच नाही तो कशावर प्रीती करणार? तुम्ही हिशोब आणि कृपा समोरासमोर उभी केलीत. आमच्या घरात खतावणीचं पान नसतं तर त्यावरची रेघही नसती. हे मी वाचून नाही सांगत, बघून सांगतोय, आणि ज्यानं बघितलंय त्याला ‘कळतच नाही’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मोजून वाढ होत नाही म्हणता. बरोबर आहे, मी तरी कुठं होते म्हटलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, ते मोजून पाणी एक इंच उतरत नाही, पण पुराच्या दिवसात अख्खं कोल्हापूर तासातासाला तो आकडा विचारत असतं, कारण त्यावरून घर कधी सोडायचं ते कळतं. २०१९ च्या पुरात माझ्या धाकट्या भावाच्या घरात पाणी शिरलं. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं, मी फोन केला नाही. त्या डिसेंबरला ‘शांती’च्या पानावर एकच ओळ लिहिली, धाकट्याला फोन केला नाही. २०२० ला तीच. २०२१ ला परत पूर आला, परत फोन नाही, परत तीच ओळ. तिन्ही पानं शेजारी शेजारी बघितली आणि अंजिराच्या झाडाचा दाखला आठवला, मालक म्हणतो तीन वर्षं फळ बघायला येतोय, तोडून टाक, आणि माळी म्हणतो एवढं एक वर्ष राहू द्या, खणतो, खत घालतो. मी त्याच रात्री उपासना संपल्यावर गाडी काढून भावाच्या दारात गेलो, साडेबारा वाजले होते. वही नसती तर मला वाटलं असतं एकदाच चुकलं. माणूस स्वतःबद्दल लई लवकर विसरतो.

पौलाचं ‘मागचं विसरा’ तुम्ही टाकलंय, पण फिलिप्पैकरांच्या त्याच तिसऱ्या अध्यायात वर बघा, आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, स्वतःच्या मागच्या गोष्टींची सगळी यादी त्यानंच दिलीय, आधी पूर्ण अध्याय वाचा मग बोलू. ३१ डिसेंबर बायबलमध्ये नाही हे लहान पोरालापण माहीत आहे, मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीनं १७५५ ला कराराची, म्हणजे देवाशी केलेला करार नव्यानं करायची उपासना सुरू केली ती ऑगस्टमध्ये, दिवस कुठलाही चालतो. चारचौघात लिहिणं हा परूशीपणा, म्हणजे धार्मिकतेचा देखावा आहे असंही एक वाक्य तुमच्या कमेंटमध्ये होतं, त्यावर मी काही बोलत नाही, ते तुमचं तुम्हाला.

कमेंट काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी लिहिताना माझ्या घराला मध्ये आणू नका, वडील जाऊन सहा वर्षं झाली. आता थांबतो, धाकटा यायचाय पोरांना घेऊन, नाताळच्या करंज्या त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात.