मालिकेत वर्षं 'वाया' कशी गेली?

अभिनेत्री रोहिणी हट्टंगडींवरच्या एका लेखात 'गांधी' सिनेमानंतरची त्यांची वर्षं मालिकेत वाया गेली, असं एक वाक्य आहे. ते काही पटलं नाही बुवा. तिशीच्या आतबाहेर असताना म्हातारपणीची कस्तुरबा उभी करून बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळवणारी बाई 'चार दिवस सासूचे'मध्ये २००१ ते २०१३ अशी वर्षानुवर्षं आशा देशमुखची भूमिका टिकवते, हे सोपं वाटतं का? सिनेमात रिटेक असतो, वेळ असतो. रोजच्या मालिकेत आज शूटिंग, परवा प्रक्षेपण.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात बाफ्टा कोणाला ठाऊक नव्हता. पण ऐन मालिकेच्या वेळी लोडशेडिंग झालं, की दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना पहिला प्रश्न हाच, "काल काय केलं वं आशा देशमुखनं?" कोणाच्या तरी नातेवाइकाकडे लाइन असायची, ती बाई ओटीत कापूस टाकता टाकता सगळा भाग सांगायची, वर थोडा पदरचा मसालाही. माझी माय तर सुनेशी भांडण झालं की तिचाच दाखला द्यायची (वहिनीही द्यायची, अर्थ मात्र उलटा!). पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहातलं त्यांचं काम आमच्यापर्यंत कधी आलंच नसतं, मालिका मात्र आली. त्याचा हिशेब लेखकानं कुठं धरला?