खुलासा : मधमाशी 'जातीसाठी' मरत नाही

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'मधमाशी आपल्या जातीसाठी प्राण देते, हाच निसर्गनियम.' प्राण देते हे खरं. 'जातीसाठी', म्हणजे सगळ्या प्रजातीसाठी, हे चूक, आणि तो शब्द माणसांच्या जातींकडे वळवला जातोय म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी आग्या मोहोळ उठलेलं अनेकांनी पाहिलंय. माशीची काटेरी नांगी कातडीत रुतते, उडताना तिचं पोट फाटतं, विषाची पिशवी मागे राहून विष सोडतच राहते. मरणारी असते कामकरी. ती सहसा अंडी घालत नाही. वाचवते ती आईला आणि बहिणींना. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टननं १९६४ साली हाच हिशेब मांडला : नातलगाचा फायदा गुणिले नात्याची जवळीक (म्हणजे किती जनुकं सामाईक), हे स्वतःच्या तोट्यापेक्षा जास्त भरलं, तर तो त्याग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. माणसांत ही जवळीक सख्ख्या भावंडांत १/२, चुलतभावांत १/८.

जातीवरच माया असती, तर शेजारच्या पेटीतली त्याच जातीची माशी मध लुटायला आल्यावर पहारेकरी माश्यांनी तिला मारलं नसतं. पेट्या ठेवणाऱ्या कुणालाही विचारा.

गटनिवड, म्हणजे अख्ख्या गटाच्या फायद्याचा गुण टिकणं, मात्र अगदीच खोटी नाही. गटागटांतली चुरस गटातल्या चुरशीपेक्षा तीव्र असेल, तर ती चालते. पण तिथेही गट म्हणजे ते एक पोळं, सगळी प्रजाती नव्हे.