भाडं नाही, पहिला दिवस अवघड

‘भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवा’ हा घरभाड्यावरच्या लेखातला सल्ला वाचून हसू आलं. भाडं बसतं हो, घोडं अडतं ते पहिल्या दिवशी! पुण्यात कोथरूडला एकटीसाठी वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) भाड्याने घेतला तेव्हा डिपॉझिट, एजंटची महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि पहिलं भाडं एकदम मोजावं लागलं. पहिला पगार तीन आठवडे लांब. शेवटी आईची भिशी कामी आली.

आणि लेखात भाडेकराराबद्दल चकार शब्द नाही? घरमालक म्हणाले, ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी पुरे.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स (घर वापरायच्या परवानगीचा) करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. मोबाईलवर कलम दाखवलं, तर काका पुटपुटले, ‘फारच शिकलेली दिसतेस.’ नोंदवला मात्र.