चव्वेचाळीस चोर आणि पाळणाघरातली मुलं

घरात कुणाची बाळंतपणाची रजा संपत आली की कुटुंबाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. जॉन बोल्बी नावाच्या थोर ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने ४४ चोरांचा अभ्यास करून म्हणे सिद्ध केलं आहे की पहिली तीन वर्षं आई चोवीस तास जवळ नसेल तर मूल वाया जातं. आईची जागा दुसरं कुणीच घेऊ शकत नाही. पाळणाघरातल्या मुलांना कुणाचाच लळा लागत नाही. मेंदूची ९० टक्के वाढ लहानपणीच होते, त्यामुळे पुढे काही दुरुस्त होत नाही. मोठेपणी लग्न टिकणार की नाही, तेही तेव्हाच ठरतं. आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसह: नोकरी पुन्हा मिळेल, बालपण मिळणार नाही.

पाळणाघर आणि बालवाडी चालवणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षण वर्गात मी बालमानसशास्त्र शिकवते. दर तुकडीत कुणीतरी हा मेसेज मोबाइलवर काढून "मॅडम, हे खरंय का हो?" असं विचारतंच. त्यात सगळंच खोटं असतं तर उत्तर एका वाक्यात संपलं असतं. तसं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते चोर. अभ्यास खरा आहे, १९४४ साली छापून आला. लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेली ही ४४ मुलं होती. "चोर" म्हटल्यावर डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात, पण ही शाळकरी पोरं होती, किरकोळ चोऱ्या करणारी. तुलनेसाठी त्याच केंद्रातली चोरी न करणारी आणखी ४४ मुलं घेतली. चोरी करणाऱ्यांपैकी १४ जणांना बोल्बींनी भावनाशून्य म्हणावं अशा वर्गात टाकलं: कुणाबद्दल प्रेम नाही, केल्याची खंत नाही. या १४ पैकी १२ जण पाच वर्षांच्या आत सहा महिने किंवा जास्त काळ आईपासून पूर्ण तुटलेले होते. उरलेल्या ३० चोरांपैकी असे ५, आणि तुलनेच्या ४४ मुलांमध्ये २.

आता मेसेज जे सांगत नाही ते बघा. ५ आणि १२ मिळून १७. म्हणजे ४४ पैकी २७ चोर आईपासून असे कधी तुटलेच नव्हते. "आई दूर म्हणून मूल चोर" या सूत्रात ही २७ पोरं बसवायची कुठे? शिवाय मुलांना तपासणारे बोल्बी, भावनाशून्य ठरवणारे बोल्बी आणि कारण शोधणारेही बोल्बीच. आज एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रबंध आणला तर मार्गदर्शक तो तिथल्या तिथे परत करतील.

आणि "तुटणं" म्हणजे काय होतं? त्यातल्या एका मुलाला दीड वर्षाचा असताना घटसर्प झाला. नऊ महिने तो रुग्णालयात होता आणि त्या काळात आईवडील त्याला एकदाही भेटले नाहीत. तेव्हाच्या ब्रिटिश रुग्णालयांची शिस्तच तशी होती, पालक आले की मुलं रडतात, म्हणून पालकांनी येऊच नये. घरी परतल्यावर तो आईला "नर्स" म्हणू लागला. हे वाचताना पोटात कालवतं. पण सकाळी नऊला सोडून संध्याकाळी साडेसहाला कडेवर घेऊन घरी नेलेल्या मुलाशी याचा संबंध काय? नऊ महिने आणि साडेनऊ तास यांत फरक करायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

बोल्बींच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्यांच्यामुळे आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयातल्या मुलांच्या केलेल्या चित्रीकरणामुळे रुग्णालयांची ही निर्दयी पद्धत बदलली. १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने पालकांना मुलांजवळ येऊ द्यावं अशी शिफारस केली. आज आपल्याकडे लहान मुलाच्या खाटेशेजारी आई बसलेली असते हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यासाठी कुणाला भांडावं लागलं असेल हे सुचतही नाही.

मेसेजचं मूळ १९५१ च्या अहवालातही आहे, हे मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या त्या अहवालात बोल्बींनी खरोखरच टोकाची विधानं केली. अडीच वर्षांनंतर मिळालेली चांगली माया जवळपास निरुपयोगी ठरते, असंही त्यात आहे. पाळणाघरांचे तर ते कधीच फारसे चाहते नव्हते. पण मेसेज १९५१ लाच थांबतो. पाचच वर्षांनी, १९५६ मध्ये, बोल्बींनी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ आणि इतरांबरोबर दुसरा अभ्यास छापला. चार वर्षांच्या आत क्षयरोगामुळे कित्येक महिने आरोग्यधामात राहिलेली ६० मुलं शाळकरी वयात कशी आहेत ते त्यांनी पाहिलं. वर्गातल्या इतरांपेक्षा ही मुलं जरा जास्त स्वतःत हरवलेली, काही जरा जास्त दांडगट. पण भावनाशून्य गुन्हेगारांची फौज काही सापडली नाही. असे परिणाम सर्रास होतात हे म्हणणं बरोबर नाही, धोका वाढवून सांगितला गेला, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. ज्यांच्या नावाने मेसेज फिरतो त्यांनीच तो १९५६ मध्ये खोडला होता.

"आईची जागा कुणीच घेऊ शकत नाही." त्याच १९५१ च्या अहवालात बोल्बींचे शब्द आहेत, आई "किंवा कायमस्वरूपी आईच्या जागी असलेली व्यक्ती". मेसेजमध्ये हा "किंवा" गळून पडतो. खुद्द बोल्बींचं बालपण सांभाळणाऱ्या बाईच्या हाती गेलं. त्यांच्यासारख्या उच्चवर्गीय घरांतल्या रीतीप्रमाणे आई मुलांना दिवसाकाठी तासभर भेटे, आणि ज्या दाईचा त्यांना खरा लळा होता ती ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास घर सोडून गेली. ते दुःख त्यांना जन्मभर आठवत होतं. म्हणजे जन्मदात्री नसलेल्या बाईचाही लळा किती खोल असतो याचा दाखला स्वतः सिद्धान्तकारच.

ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांचा पहिल्या वर्षापासून माग ठेवला, १९६४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या ८७ टक्के बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागलेला होता. बाप, आजी, आजोबा, मोठी भावंडं, शेजारीण. आणि लळा दूध पाजणाऱ्याचा, आंघोळ घालणाऱ्याचाच असतो असंही नाही. जो हाकेला ओ देतो आणि खेळतो त्याचाही तितकाच. आजोबा कामावरून आल्याची चाहूल लागताच दाराकडे रांगत सुटणारं बाळ ज्या घरात आहे त्यांना हे ग्लासगोहून कळायची गरज नव्हती. तरी त्याच घरातल्या आत्या हा मेसेज सुनेला पाठवतात, ही गंमत आहे.

पाळणाघराबद्दल जरा थांबून बोलू, कारण खरी भीती तिथे आहे.

संध्याकाळचं एक दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. आई दारात येते, हात पुढे करते आणि वर्षाचं पोर सांभाळणाऱ्या मावशींच्या खांद्यावर तोंड लपवतं. आईचा चेहरा पडतो. "मला ओळखतच नाही हो हा!" मावशी ओशाळतात, बाळाला घाईघाईने तिच्या हातात कोंबतात. खरं तर या दृश्यात बिघडलेलं काही नाही. बाळाला मावशींचा लळा लागला आहे, आणि मेसेज नेमकं म्हणतो की पाळणाघरातल्या मुलांना कुणाचाच लळा लागत नाही. काळजी करायची तर ती ज्या पाळणाघरात बाळ कुणाच्याच खांद्यावर तोंड लपवत नाही तिथली करावी.

उलटा गैरसमजही आहे: सोडताना रडलं म्हणजे नातं कच्चं, रडलं नाही म्हणजे पक्कं. एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये एक ते दीड वर्षाच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांची चाचणी बसवली. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. त्यांचं लक्ष रडण्यापेक्षा आई परत आल्यावर काय होतं यावर जास्त होतं. बाळ तिच्याकडे जातं का, शांत होतं का, पुन्हा खेळायला लागतं का? सुरक्षित नात्यातली कितीतरी बाळं आई जाताना आकांत करत. जपानमध्ये साप्पोरोला हीच चाचणी केली तेव्हा आईपासून क्वचितच दूर राहिलेली बाळं इतकी हमसून रडली की अनेकांची चाचणी मध्येच आवरती घ्यावी लागली. आपल्याकडची कडेवरची बाळंही बहुधा तेच करतील.

आता थेट पाळणाघरावरचा अभ्यास. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. १९९७ मध्ये पंधरा महिन्यांच्या वयाचे निष्कर्ष आले. नुसतं पाळणाघरात जाण्याने आईशी असलेलं नातं असुरक्षित होत नाही. ते ठरतं आई मुलाच्या खुणा कितपत ओळखते, वेळेवर प्रतिसाद देते का, यावर. दुहेरी धोका मात्र दिसला: घरी प्रतिसाद कमी, आणि त्यावर पाळणाघरही निकृष्ट, किंवा तास जास्त, किंवा सांभाळणारी व्यवस्था वारंवार बदलती. पुढे साडेचार वर्षांच्या वयात, जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्ट, मारामारी किंचित जास्त दिसली, पण बहुतेकांच्या बाबतीत ती सर्वसाधारण मर्यादेतच. हे मी लपवत नाही. चांगल्या दर्जाच्या पाळणाघरात मुलांची भाषा जास्त बरी झाली, हेही त्याच अभ्यासात आहे.

"एकदा रडू दिलं की विश्वास तुटतो", असं काही मेसेजमध्ये असतं. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई-बाळांचे खेळ क्षणाक्षणाने तपासले. चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला असतो तो थोडा वेळच. बाकी सगळी चुकामूक आणि ती सावरणं. मूल शिकतं ते सावरण्यातून. ज्या आईने गॅसवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून बाळाला दोन मिनिटं रडू दिलं तिने काहीही बिघडवलेलं नाही.

मेंदूच्या ९० टक्क्यांचं गणित असं आहे: पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के होतो. आकार. जोडण्यांची काटछाट आणि बांधणी विशी ओलांडेपर्यंत चालू असते, विशेषतः कपाळामागच्या ज्या भागावर संयम आणि विचारपूर्वक वागणं अवलंबून आहे तिथे. तरी सुरुवातीची वर्षं महत्त्वाची नाहीत असं कुणी म्हणू नये. रुमानियाच्या अनाथालयांनी ते दाखवून दिलं. तिथला हुकूमशहा चाऊशेस्कू याच्या राजवटीत शेकडो बाळं रांगेने पाळण्यात, वेळापत्रकाने दूध, मांडी कुणाचीच नाही. २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत सुरक्षित नातं जुळण्याची शक्यता जास्त दिसली. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचा मायकेल रटर यांनी अभ्यास सुरू केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं पुढे जवळपास इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. जास्त काळ राहिलेल्या अनेकांच्या अडचणी मोठेपणीही टिकल्या. पण त्यांच्यातही सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांत कोणत्याच टप्प्यावर कसलीही समस्या दिसली नाही. माणूस कशातून सावरू शकतो याला मर्यादा आहे, पण ती मेसेज सांगतो तिथे नाही. आणि त्या अनाथालयाची तुलना डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या पाळणाघराशी करणं म्हणजे शुद्ध आचरटपणा.

लग्नाचा मुद्दा पटकन. मोठ्यांच्या प्रेमाला सुरक्षित-असुरक्षित नात्याची ही वर्गवारी लावण्याची सुरुवात १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी केली, डेनव्हरच्या एका वर्तमानपत्रात वाचकांसाठी छापलेल्या प्रश्नावलीपासून. ती काही बाळांची चाचणी नव्हे. बाळपणी एन्सवर्थ यांच्या चाचणीने तपासलेल्या ५० जणांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ७२ टक्क्यांचा गट तोच राहिला होता. ही मध्यमवर्गीय घरं. पण मिनेसोटातल्या गरिबीत, ओढाताणीत वाढलेल्या ५७ मुलांच्या तशाच अभ्यासात सातत्य जवळजवळ दिसलंच नाही. घर बदललं, माणसं आली-गेली, तसं नातंही बदललं. इन्स्टाग्रामवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत "अव्हॉयडंट", म्हणजे जवळीक टाळणारा, निघालेल्याने आईला फोन करून जाब विचारू नये.

राहता राहिलं "म्हणून नोकरी सोडा". ज्या बोल्बींचा हवाला देतात त्यांनी त्याच १९५१ च्या अहवालात लिहिलं होतं की समाजाला मुलांची किंमत असेल तर त्याने आईवडिलांना सांभाळलं पाहिजे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांच्या घरात हा मेसेज फिरतो, त्यांच्यापैकी कितीजणांनी आपल्या कचेरीत "पाळणाघर कुठंय?" असं विचारलंय? घरकाम करणाऱ्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तर या कायद्याच्या कक्षेत जवळपास नाहीतच, आणि त्यांना नोकरी सोडा असं सांगायला कुणी मेसेजही पाठवत नाही.

पाळणाघर निवडणाऱ्या आयांना मी दोनच प्रश्न सांगते. इथल्या मावशी किती वर्षांपासून आहेत? आणि एका मावशीकडे वर्षाच्या आतली किती बाळं आहेत? पहिल्याचं उत्तर "दर दोन महिन्यांनी नवीन येते" असं आलं आणि दुसऱ्याचं "आठ-दहा", तर तिथून उठावं, भिंतीवर कितीही कार्टून रंगवलेली असोत.